आजोबांची डायना २७: नवी करायची की जुनीच ठेवायची?

शिवाजीपेठकर

नमस्कार मंडळी. गेल्या रविवारी आमच्या शिवाजी पेठेतल्या जुन्या घराचा माळा रिकामा केला. खापऱ्या उतरवून स्लॅब टाकायचा आहे. तुटका पाळणा, गुळाच्या ढेपेची किलतानं, आज्जीचा पाटा असं काय काय निघालं आणि शेवटी आढ्याच्या कोपऱ्यातून धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली एक लांब वस्तू हाताला लागली. आजोबांची छर्र्याची बंदूक. शेवटची पाहिली तेव्हा मी चौथीत होतो.

नळकांड्यावर 'डायना', 'मॉड. २७' आणि 'मेड इन जर्मनी' असं कोरलंय. शेजारी हात उंच केलेल्या एका बाईचं चित्र आहे. नळीवर तांबूस गंजाची बारीक पुटं आहेत, काळा रंग निम्मा उडालाय. आजोबा उद्यमनगरात टर्नर होते. दस्त्याच्या गळ्याशी त्यांचा अंगठा जिथं बसायचा तेवढं लाकूड तेलकट काळं आणि गुळगुळीत झालंय. माझा अंगठा तिथं ठेवला तर बरोबर बसतो.

नळी बिजागरीवर खाली वाकवून ताणली तर स्प्रिंग धरते, चापही सुटतो. पण जोर नाही. छर्रा दहा फुटांवरच्या पुठ्ठ्यात अडकून राहिला.

एका दुरुस्तीवाल्याला दाखवली. तो म्हणाला, बफ मारून नवीन काळा रंग चढवतो, सागवानी दस्ता करून देतो, जबरा स्प्रिंग टाकतो, शोरूममधून आणल्यासारखी दिसेल. धाकटा भाऊ म्हणतो लगेच दे. बाबा म्हणतात, हात लावू नको, आहे तशी भिंतीला टांग. मला ती चालायला हवी आहे, पण ती आजोबांचीही राहायला हवी आहे. काय करू? कोल्हापुरात कुणी हे काम मनापासून करतं का?

रंकाळा_पहाट

फोटो टाक भावा. अंगठ्याच्या जागेचा आधी.

लेथमामा

पहिली गोष्ट, आता ती अजिबात उडवू नकोस. छर्रा न घालता तर मुळीच नको. चाप दाबला की स्प्रिंग नळकांड्यातल्या पिस्टनला पुढं ढकलते आणि तो हवा दाबतो. छर्रा असला की त्याच्या मागं हवेची गादी तयार होते आणि पिस्टन त्या गादीवर थांबतो. नळी रिकामी असली की पिस्टन थेट नळकांड्याच्या तोंडावर आदळतो. पिस्टनच्या तोंडाला हवा अडवायला बसवलेलं, आधीच वाळलेलं वायसर असल्या दोन-चार दणक्यांत भुगा होतंय.

दुसरी गोष्ट, आत तेल सोडू नकोस. खोबरेल नको, शिलाई मशीनचं नको, इंजिन ऑइल तर नकोच. आपल्या कोल्हापूरकरांना हे लगेच कळेल, कारण निम्मं गाव ऑइल इंजिनावर वाढलंय. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबली की तापते आणि त्या तापानं तेल पेट घेतं. बंदुकीत पिस्टनच्या पुढं तेल गेलं की हुबेहूब तेच होतं. धूर येतो, फटाक्यासारखा आवाज येतो, आणि माणूस खूश होतो की जोर वाढला. प्रत्यक्षात वायसर जळतं आणि स्प्रिंगला उलटा दणका बसतो.

तिसरी, वय बघ. जर्मन डायनाच्या नळकांड्याच्या मागच्या टोकाला, डाव्या अंगाला, महिना आणि वर्ष बारीक अंकांत ठोकलेलं असतं. गंजाखाली लपलं असेल. पॉलिश पेपर लावू नकोस. केरोसीनमध्ये भिजवलेल्या सुती फडक्यानं हळू पूस.

बाकी दस्ता, रंग वगैरे नंतर बोलू. आधी बंदूक काय आहे ते समजून घे.

शिवाजीपेठकर

मामा, पुसलं. '८ ६३' दिसतंय. म्हणजे ऑगस्ट १९६३! बाबा तेव्हा दोन वर्षांचे. घरात एकदम शांतता झाली, मग बाबांनी चष्मा मागितला.

जोतिबाचा_फुगेवाला

धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. आमच्या वडिलांचा फुगे फोडायचा स्टॉल होता. चैत्रात जोतिबाची यात्रा, आषाढात टेंबलाईची, एरवी रंकाळ्यावर. एका फळीवर सहा बंदुका. त्यातल्या चार देशी, अहमदाबादच्या 'नॅशनल ३५', म्हणजे जर्मन डायना ३५ च्या घाटाच्या. एक जुनी जर्मन होती, ती वडील गिऱ्हाईकाच्या हातात देत नसत. रात्री स्टॉल मिटल्यावर स्वतः दोन छर्रे मारायचे आणि पुसून ठेवायचे.

यात्रेच्या चार दिवसांत एकेक बंदूक हजारदा तरी ताणली जायची. दर हंगामाआधी वडील सगळ्यांची चामडी वायसरं स्वतः बदलायचे. घरभर ओल्या चामड्याचा वास. आई ओरडायची, आणि तरी त्यांना चहा आणून द्यायचीच.

तुमच्या बंदुकीला जोर नाही म्हणजे वायसर गेलंय, शंभर टक्के. नळीच्या बुडाशी, जिथं ती मिटते, तिथंही एक बारीक चामडी वायसर असतं. ते आधी बघा. टिश्यू कागदाचा तुकडा त्या फटीवर ठेवून छर्रा घालून बार काढा. कागद उडाला तर हवा तिथनंच जाते.

आणि ज्या बंदुकीचा दस्ता हातानं काळा झालाय तो सागवानाचा करू नका. हात जोडून सांगतो.

पाचवी_गल्ली_शाहूपुरी

मी उलट बाजूनं बोलतो. माझ्याकडं तीन जुन्या एअरगन आहेत आणि तिन्ही मी आरशासारख्या करून घेतल्यात. गंज हा रोग आहे. त्याला 'आठवण' म्हणून सांभाळायचं नसतं. ज्यानं १९६३ साली ती कारखान्यातून बाहेर पाठवली, त्यानं ती काळीभोर चकचकीतच पाठवली होती ना? मग तशी करणं हाच तिचा मान. आपण जुनी बुलेट रिस्टोर करतो तेव्हा टाकीवरचा गंज ठेवतो का?

सुतारपक्षी

बुलेटचं उदाहरण इथं बसत नाही दादा. टाकीला रंग दिला तर खालचा पत्रा तेवढाच राहतो. बंदुकीला बफ मारला की धातू जातो. कडा गोल होतात, भोकांची तोंडं पसरतात, कोरलेली अक्षरं उथळ होतात. एकदा गेलेली अक्षरं कुठलाच रंग परत आणत नाही.

मिरजकर_तिकटी

सुतारपक्षींशी सहमत, आणि हे मी किंमत मोजून शिकलोय. माझ्याकडं सासऱ्यांची बीएसए या ब्रिटिश कंपनीची एअरस्पोर्टर बंदूक होती. खाली तरफ असलेली, वरच्या फिरत्या टॅपमध्ये छर्रा टाकायची. हे मॉडेल १९४८ पासूनचं. नळकांड्यावर बीएसएची खूण, एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन बंदुका, इतकी रेखीव की नख फिरवलं तर तिन्ही वेगळ्या लागायच्या. मी ती एका माणसाकडं दिली आणि गावाला गेलो. परत आलो तेव्हा बंदूक आरशासारखी होती. माझं तोंड दिसत होतं तिच्यात, पण त्या तीन बंदुका नव्हत्या. सीरियल नंबरचे शेवटचे दोन आकडे पण गेले. सासरे काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त त्या जागेवरनं अंगठा फिरवला. पाच वर्षं झाली, मला तो अंगठा अजून दिसतो.

शिवाजीपेठकर, बफवाल्याकडं देऊ नका.

पाचवी_गल्ली_शाहूपुरी

मिरजकर, हे वाचून वाईट वाटलं. माझ्याही एका बंदुकीवरची अक्षरं फिकी झालीत. आजवर मी ते मनावर घेतलं नव्हतं. तरीही गंज तसाच ठेवणं मला पटत नाही. वाढत जातो तो.

लेथमामा

वाढतो तो लाल गंज. तो थांबवायचाच. पण थांबवायला बफ लागत नाही. सगळ्यात बारीक स्टील वूल, हलकं तेल, आणि धीर. लाल पावडर निघते, खालचा काळा थर राहतो. तो काळा थर लोखंडाचाच ऑक्साइड आहे आणि तो लोखंडाला सांभाळतो. लाल गंज हट्टी असला तर सुटा केलेला भाग डिस्टिल्ड पाण्यात अर्धा तास उकळायचा. उकळल्यावर लाल ऑक्साइडचा काळा होतो. मग मऊ ब्रश फिरवून तेल लावायचं. जुने बंदूकवाले नळ्यांना काळा रंग असाच चढवायचे, मुद्दाम गंजवून आणि उकळून, पुन्हा पुन्हा. म्हणजे शाहूपुरीवाल्या दादांना गंज जातो याचं समाधान आणि शिवाजीपेठकराला काहीच खरवडलं नाही याचं. फक्त चामडं आणि स्प्रिंग काढल्याशिवाय काही उकळू नका.

कलम_आणि_कायदा

चर्चा रंगलीय, पण एक गोष्ट कुणी विचारली नाही. नळी कोणत्या मापाची आहे? २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिमीपेक्षा, म्हणजे ०.१७७ इंचापेक्षा मोठ्या नळीच्या, किंवा २० ज्यूलपेक्षा जास्त ऊर्जेच्या एअरगनला परवाना लागतो. डायना २७ आणि एअरस्पोर्टर दोन्ही ०.२२ मध्येही येत. माळ्यावर सापडलेली बंदूक २२ ची निघाली तर दुरुस्तीच्या आधी परवान्याचं बघायचं, नंतर नाही. ४.५ ची असेल आणि 'जबरा स्प्रिंग' टाकून कुणी जोर वाढवत असेल तर २० ज्यूलची रेघ लक्षात ठेवा.

आणि नेताना पिशवीत, खोक्यात न्या. खांद्यावर टाकून महाद्वार रोडवरनं चाललात तर छर्र्याची की खरी हे लांबून कुणाला कळत नाही.

शिवाजीपेठकर

४.५ ची आहे, नळीच्या बुडाशीच कोरलंय. छर्राही तोच बसला. धन्यवाद वकीलसाहेब, हे डोक्यातच आलं नव्हतं.

फुलेवाडीची_आक्का

मी बंदूकवाली नाही. धागा वाचत होते आणि एक गोष्ट मनातून जाईना, म्हणून लिहिते. आमच्या गल्लीत एक मुलगा होता, माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. त्याच्या हातात अशीच बंदूक. होला, बुलबुल, पोपट, जे बसेल ते. आमच्या शेवग्यावर होल्याचं घरटं होतं. मादी पडली आणि पिल्लं दोन दिवस ओरडत राहिली. आम्ही भात भरवायचा प्रयत्न केला. नाही जगली.

तुम्ही सगळे इतक्या मायेनं लिहिताय, लोखंडाच्या अक्षरांना जपताय. मला समजतंय. पण ज्या घरात ही बंदूक चालू होणार, तिथल्या पोरांच्या हातात ती जाणार का, हे आधी ठरवा.

जोतिबाचा_फुगेवाला

आक्का, बरोबर बोललात. आमच्या वडिलांचा नियम होता, बंदूक फुग्याशिवाय कशावर रोखायची नाही. एकदा चुलत भावानं कावळ्यावर धरली तर वडिलांनी त्याला वर्षभर स्टॉलवर पाय ठेवू दिला नाही.

कलम_आणि_कायदा

आक्कांनी सांगितलं तो १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हाही आहे. एअरगनला परवाना लागत नाही म्हणून पाखरं मारायला मोकळीक आहे असं समजणारे पुष्कळ भेटतात. अरुणाचल प्रदेशात २०२१ मध्ये लोकांनी आपणहून एअरगन जमा करायची मोहीमच सुरू झाली, कारण रानात पाखरांचा आवाज कमी झाला होता.

शिवाजीपेठकर

आक्का, तुमचा प्रतिसाद बाबांना वाचून दाखवला. ते म्हणाले, आजोबांनी ही १९७४ साली आणली, आधीच जुनी झालेली, कारखान्यातल्या एका मित्राकडून. गच्चीवर विटांच्या ढिगापुढं काडेपेट्या लावून मारायचे. एकदा चुकून चिमणी लागली, आणि त्यानंतर त्यांनी ती फडक्यात बांधून माळ्यावर टाकली. मी चौथीत असताना एकदाच खाली काढली होती, मला दाखवायला. छर्रा घातला नव्हता. ही गोष्ट मला आजवर कुणी सांगितली नव्हती.

आमच्याकडं चालली तर पुठ्ठ्यावरच चालेल. शब्द.

फुलेवाडीची_आक्का

मग करा चालू. फोटो मलाही बघायचाय.

दुधाळी_१०मीटर

मी दुधाळीच्या रेंजवर सरावाला जाते. कोल्हापुरात हा विषय निघाला की छाती भरून येते. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये, म्हणजे पालथं झोपून मारायच्या प्रकारात, जगज्जेती झाली. राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण घेतलं. राधानगरीतल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये कांस्य आणलं. आणि नेमबाजी शिकताना हातात पहिल्यांदा येते ती बहुतेक वेळा छर्र्याचीच बंदूक.

आमच्या आताच्या मॅच रायफली दाबलेल्या हवेच्या टाकीवर चालतात, धक्का जवळजवळ नाही. पण माझ्या सरांकडं फाइनवेर्कबाउ ३०० ही एक जुनी जर्मन मॅच रायफल आहे. स्प्रिंगचीच, तरी धक्का नाही, कारण बार होताना अख्खं नळकांडं दस्त्यातल्या रुळांवरनं मागं सरकतं. ती पहिल्यांदा मारली तेव्हा मला वाटलं उडालीच नाही.

शिवाजीपेठकर दादा, तुमच्या डायनात तसं काही नाही. चाप दाबला की पिस्टन पुढं पळतो आणि बंदूक मागं येते, मग पिस्टन थांबतो आणि बंदूक पुढं जाते. छर्रा बाहेर पडायच्या आत हे सगळं होऊ लागतं. म्हणून तिला आवळून धरू नका. डाव्या तळव्यावर नुसती टेकवा, खांद्याला हलकी लावा, उड्या मारायच्या त्या मारू द्या. दर वेळी सारख्याच मारल्या की छर्रेही एकाच जागी जातात. आवळली की पसरतात.

मागं वाळूची पेटी ठेवा, पत्रा नको. शिसं उलटं येतं. गॉगल घाला, आणि छर्रे हाताळल्यावर हात धुतल्याशिवाय जेवायला बसू नका.

रंकाळा_पहाट

जेवणावरनं आठवलं, रविवारी मामांच्या वर्कशॉपवर सगळे जमूया का? तांबडा-पांढरा माझ्याकडून.

लेथमामा

या. पण हात धुऊन, दुधाळीवालीनं सांगितलंय.

बिंदूचौक

वायसर कोणतं घालणार हे कुणी बोललं नाही. मी तर म्हणेन सरळ सिंथेटिक टाका. चामडं वाळतं, आकसतं, दर थोड्या दिवसांनी तेल मागतं. तेलामुळं धूर होतो. प्लास्टिकचं एकदा बसवलं की विसरा.

लेथमामा

सगळंच प्लास्टिक टिकाऊ नसतं. याच डायनानं साठच्या दशकापासून बिनधक्क्याच्या मॅच रायफली काढल्या, गिस पद्धतीच्या. एकमेकांविरुद्ध पळणारे दोन पिस्टन, एकाचा धक्का दुसरा खातो. डोकं होतं ते. पण त्यातली मूळ प्लास्टिकची वायसरं काही वर्षांत आपोआप भुरभुरतात, मारा किंवा मारू नका. मी एक मॉडेल ७५ उघडली तर आत पिवळ्या मेणासारखा चुरा निघाला. आणि त्याच कारखान्याच्या १९६३ च्या बंदुकीतलं चामडं साठ वर्षांनीही ओळखू येतं.

आताचं चांगलं पॉलियुरेथेन टिकतं, ते मान्य. पण २७ चा पिस्टन वाटीच्या आकाराच्या चामडी वायसरासाठी घडवलाय. प्लास्टिकचं बसवायचं तर पिस्टनचं तोंड लेथवर बदलायला लागेल, आणि बदललेलं परत येत नाही.

पापाची_तिकटी

एक मिनिट. चामडं शोधायला लांब कशाला जाताय? आपण कोल्हापुरात राहतो!

मी चप्पल लाइनीतला. माझा आज्जा चपला शिवायचा, मी दुकान बघतो. आमचं चामडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावतात. क्रोमच्या रसायनात कमावलेलं चामडं मऊ पिशवीसारखं असतं. ते ओलं करून साच्यात दाबलं तरी वाळल्यावर आकार सोडतं. सालीत कमावलेलं ओलं केलं की मेणासारखं वळतं आणि वाळलं की त्याच आकारात लाकडासारखं बसतं. चपलेचा अंगठा आणि पट्टा त्यामुळंच पायाच्या मापाचा होतो. मला बंदुकीतलं काही कळत नाही, पण वाटीच्या आकाराचं काही करायचं असेल तर याहून चांगलं चामडं सापडायचं नाही. म्हशीच्या पाठीचं, तीन-साडेतीन मिमी जाडीचं, डाग नसलेलं देतो. पैसे नकोत.

जोतिबाचा_फुगेवाला

हेच! वडील चामडं चप्पल लाइनीतनंच आणायचे. मी विसरलोच होतो. बहुतेक तुमच्या आज्ज्याकडूनच नेलं असेल.

लेथमामा

पापाची तिकटी, तुम्ही माझी रात्रीची झोप घालवलीत. साचा उद्याच करतो. एक ब्राइट बारचा, म्हणजे गुळगुळीत लोखंडी सळईचा, खुंटा आणि एक कडं. कड्याचं भोक नळकांड्याच्या आतल्या मापाचं, खुंटा त्याहून चामड्याच्या दुप्पट जाडीनं कमी. चामड्याची गोल चकती तासभर कोमट पाण्यात, मग खुंट्यानं कड्यात दाबायची, शिकंजात आवळून दोन दिवस सावलीत. वाळल्यावर वाटीची कड धारदार पात्यानं सरळ कापायची. सायकलच्या पंपातलं वायसर आठवा, तेच. वाटीचं तोंड पुढं, हवेच्या बाजूला. म्हणजे हवा दाबली की ती वाटीच्या भिंतींना बाहेर ढकलते आणि फट उरत नाही.

शिवाजीपेठकर, रविवारी बंदूक घेऊन ये. घरी उघडू नकोस. स्प्रिंग आधीच दाबून बसवलेली असते. पिन काढली की मागचा ठोकळा गोळीसारखा उडतो. माझ्या ओळखीच्या एकाचा पुढचा दात त्यात गेला. आणि २७ च्या चापात तीन बारीक स्टीलच्या गोळ्या असतात, त्याच पिस्टनला अडवून धरतात. उघडताना खाली ट्रे नसला तर त्या जमिनीवरच्या लेथच्या बुऱ्यात शोधायला लागतात.

सुतारपक्षी

दस्ता माझ्याकडं. बीचचं लाकूड आहे ते, बदलायचं कारणच नाही. दबलेल्या जागी ओलं फडकं ठेवून गरम इस्त्री टेकवली की वाफेनं लाकूड फुगतं आणि खड्डा वर येतो. तुटलेला तंतू येत नाही, दबलेला येतो. मग उकळलेल्या जवसाच्या तेलाचे पातळ हात, एक वाळला की दुसरा, आठवडाभर. अंगठ्याच्या जागेला पॉलिश पेपर लावणार नाही, फक्त तेल. जवसाच्या तेलाची फडकी मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना ती आपोआप तापतात आणि पेटतात. मोकळी पसरा नाहीतर पाण्यात बुडवा.

देवीची_गोष्ट

सगळे कामात आहेत तोवर चित्रातल्या बाईबद्दल सांगतो. ती रोमन शिकारदेवी डायना. नीट बघा, तिनं बंदूक उंच धरलीय आणि धनुष्यबाण टाकून दिलाय. माइयर आणि ग्रामेलश्पाखर या दोघांनी १८९० साली कारखाना काढला, तो राष्टाट गावातला. दुसऱ्या महायुद्धानंतर यंत्रं आणि 'डायना' हे नाव ब्रिटनमधल्या मिलब्रोकडं गेलं. त्यामुळं 'मेड इन ग्रेट ब्रिटन' लिहिलेल्या डायनाही सापडतात आणि त्या त्याच घाटाच्या असल्या तरी वेगळ्या कारखान्याच्या. जर्मन कारखान्यालाच ब्रिटनमध्ये आपली बंदूक 'ओरिजिनल' या नावानं विकायला लागली. नाव १९८४ मध्ये परत मिळालं. तेव्हा जुनी डायना घेताना देश वाचा, नुसतं नाव नको.

पाचवी_गल्ली_शाहूपुरी

हे माहीत नव्हतं. माझ्या तिसऱ्या बंदुकीवर 'ग्रेट ब्रिटन' आहे, मी ती जर्मन समजून घेतली होती. अक्षरं वाचता येतायत अजून. बरं झालं.

शिवाजीपेठकर (तीन आठवड्यांनी)

मंडळी, उशीर झाला, पण सगळं झाल्यावरच लिहायचं ठरवलं होतं.

मामांच्या वर्कशॉपवर रविवारी आम्ही नऊ जण होतो. बाबा पण आले. उघडताना तिन्ही गोळ्या ट्रेमध्येच पडल्या. जुनं वायसर निघालं ते वाळलेल्या खारकेसारखं. स्प्रिंग तुटलेली नव्हती, फक्त थोडी वाकलेली. मामांनी तिची टोकं घासून गुळगुळीत केली आणि तीच परत घातली. जबरा स्प्रिंगची गरजच नव्हती. नवं वायसर पापाच्या तिकटीवरच्या दादांच्या चामड्याचं. पहिलं साच्यात फाटलं, दुसरं थोडं सैल झालं, तिसरं पिस्टनला लावून नळकांड्यात ढकललं तर बोटानं बंद केलेल्या पंपासारखा दाब लागला. त्याला जाड सिलिकॉन तेल पाजलं, जादाचं पुसलं, स्प्रिंगला मॉलिब्डेनमचं ग्रीस, बास.

नळी उकळली. लाल होतं तिथं काळं झालं. डाग आहेत, नीट बघितलं तर दिसतात. '८ ६३' दिसतं, देवी दिसते, तिनं टाकलेलं धनुष्यही दिसतं. दस्त्याच्या मागच्या टोकाला एक जुनी चीर होती. सुतारपक्षींनी आतून सरस भरला आणि बाहेरून तशीच ठेवली.

दुधाळीच्या ताईंच्या सरांनी क्रोनोग्राफ, म्हणजे छर्र्याचा वेग मोजायचं यंत्र, आणलं होतं. ०.५३ ग्रॅमचा छर्रा, दहा बारांची सरासरी सेकंदाला १७२ मीटर, म्हणजे ७.८ ज्यूल. वकीलसाहेब, नोंद घ्या. दहा मीटरवर पाच छर्रे आठ आण्याच्या नाण्याखाली झाकले. ते ताईंनी मारले. माझे वाटीखाली झाकले असते.

शेवटी बाबांना दिली. त्यांनी आधी नुसती धरली. मग काडेपेटी लावायला सांगितली, विटेवर. पहिल्या दोन चुकल्या. तिसऱ्या वेळी पेटी उडाली आणि काड्या सगळीकडं. ते काहीच बोलले नाहीत, अंगठा मात्र बराच वेळ त्याच जागेवर होता.

भावालाही आता ती तशीच आवडते.

फुलेवाडीची_आक्का

फोटो मिळाला. आमच्या शेवग्यावर या वर्षी परत होले आलेत, हेही सांगून ठेवते.

मिरजकर_तिकटी

मामा, माझ्या एअरस्पोर्टरचा टॅप हवा सोडतो. अक्षरं गेली ती गेली, पण सासऱ्यांना एकदा चालवून दाखवायची आहे. रविवारी आणू का?

लेथमामा

आण. टॅप निमुळता असतो, बारीक पेस्ट लावून त्याच्याच भोकात घासून बसवायला लागतो, घाई केली तर वाया जातो. दोन रविवार धर. सासऱ्यांना घेऊन ये.

बिंदूचौक

मामा, वायसरच्या साच्याची मापं टाका ना इथं. माझ्याकडची ३५ आहे. प्लास्टिकचा विचार सोडला.

लेथमामा

२७ ला नळकांडं २५ मिमी मिळालं, ३५ चं मोठं असतं. तुझं तू व्हर्नियरनं आतनं माप, दोन ठिकाणी, आणि कळव. कडं त्या मापाचं करतो. चामडं पापाच्या तिकटीवरनं घेऊन ये.